मारबत दुसऱ्यांदा जाळली तेव्हा

तेलंगणातल्या आमच्या बेल्यात किंवा आजूबाजूच्या कोणत्याही गावात लग्नाचा जुना व्हिडिओ लावा, खालच्या पट्टीत माझ्या स्टुडिओचं नाव आणि माझा मोबाइल नंबर पळताना दिसेल. नवरी कशी का दिसेना, नंबर ठळक दिसला पाहिजे, असा माझा कायदाच होता. लोक टोमणे मारायचे. म्हणायचे, वसंतभाऊ, अंतरपाट धरला तरी तुमचा नंबर मधातून दिसते. हसा लेकहो. त्या नंबरापायी मला जगभरची माणसं जोडली गेली, आणि त्या माणसांपायी आमच्या भागातला एक जण जिवानिशी सुटला. तेच आज सांगतो. मी कुठं शिकलो, पहिला कॅमेरा कोणता घेतला, हे वाचून कोणाचं भलं होणार नाही, ते सोडून देतो.

आधी धंदा समजून घ्या. लग्नाचा व्हिडिओ म्हणजे नुसतं बटण दाबणं नव्हे. नवरीनं हार घालायचा तो क्षण पापणी लवेपर्यंत निघून जातो, आणि नेमकं तेव्हाच कोण्या तरी मामाला कॅमेऱ्यासमोर डोकं घालायचं असतं. मग मी काय करायचो? दोघांना पुन्हा उभं करायचो, हार काढायला लावायचो आणि म्हणायचो, घाला परत. भटजी कुरकुरायचे, पण घरचे आनंदानं करायचे. त्यानंतर मिक्सिंग. नवरा-नवरी उभे आमच्या कांद्याच्या वावरात, आणि मागं बर्फाचे डोंगर. टाळ्या कमी पडल्या तर टाळ्यांच्या सीडीतून टाळ्या. नवरीचा बाप जास्त रडला तर थोडा कापायचा. गिऱ्हाइकाला आपलं लग्न झालं तसं नको असतं, व्हायला हवं होतं तसं हवं असतं. आम्ही ते देत होतो आणि चांगलं देत होतो. आदिलाबादचे लोकही मला बोलवायचे.

तर नार्नूरकडं एका लग्नात बँडच्या आवाजानं वडावरचं आग्या मोहोळ उठलं. वरात सैरावैरा पळाली. तोंडावर पदर, डोक्यावर चादरी, नवरदेव घोड्यावरून उडी टाकून नालीत. मी कोणाची तरी गोधडी पांघरून शूटिंग चालूच ठेवलं, कारण असं पुन्हा उभं करून घेता येत नाही. तो तुकडा गंमत म्हणून कोणीतरी इंटरनेटवर टाकला. फिरत फिरत तो कोणत्या देशात गेला देव जाणे; तिथल्या एका वाहिनीनं बँडचा आवाज काढला, रडारड घातली, आणि विषारी वायू सुटून माणसं पळताहेत म्हणून दाखवला. नंबर मात्र पुसायचा राहिला. एके दिवशी दुपारी मला केनियातून फोन. समोर जोसेफ नावाचा निवृत्त पोस्टमास्तर. माझं इंग्रजी कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकातून शिकलेलं, तरी एवढं समजलं की तो विचारतोय, ही माणसं मेली का? मी म्हटलं, नाही बापा, सुजली फक्त.

जोसेफ पोट धरून हसला, आणि मग त्यानं त्याच्या मंडळाची गोष्ट सांगितली. मंडळ हा माझा शब्द. देशोदेशीची साधी माणसं, कोणी मास्तर, कोणी नर्स, कोणी शेतकरी. खोट्या बातम्या, खोटे व्हिडिओ आले की एकमेकांना विचारायचं: हे तुमच्याकडचं आहे का? ही भाषा कोणती? हे झाड तुमच्याकडं उगवतं का? पगार नाही, ऑफिस नाही, चहासुद्धा ज्यानं त्यानं आपल्या घरचा प्यायचा. मला म्हणाला, तुम्ही येता का? मी विचार केला, ज्याची हयात बर्फाचे डोंगर चिकटवण्यात गेली त्याला चिकटवलेला डोंगर ओळखता नाही आला तर कोणाला येईल? गेलो.

आणि खरंच उपयोगी पडलो. एकदा एका दंगलीच्या व्हिडिओवर सगळे अडले होते. चित्र खरं वाटत होतं, पण मी डोळे मिटून आवाज ऐकला आणि मला हसूच फुटलं. गर्दीच्या ओरडण्यात मधेच एक बाई खोकते. तो खोकला माझ्या ओळखीचा. आम्हा मिक्सिंगवाल्यांकडं जी आवाजांची सीडी असते तिच्यात 'गर्दी' म्हणून तोच तुकडा आहे. मी कितीतरी वरातींना तो लावलाय. त्या दिवसापासून मंडळात माझा भाव वाढला. घरी मात्र बायको म्हणे, दुनियेचे व्हिडिओ तपासता, गॅसचा नंबर लावा आधी.

पण गंमत गंमत म्हणता म्हणता ते आमच्या दारात आलं. दिवाळी होऊन गेली होती, वावरात कापूस फुटला होता. सकाळी स्टुडिओ उघडतो तोच नामदेवराव आले, सोबत त्यांची सून रेखा. बेल्यापासून पैनगंगेकडं जाताना लागणारं त्यांचं गाव. नाव लिहीत नाही, गावानंच तसं सांगितलंय. भाजीपाल्याचं घर. मुलगा दिलीप आखातात पाण्याचा टँकर चालवतो. आमच्याकडं आखातातला कोणताही देश दुबईच, तेव्हा गावाच्या लेखी दिलीप दुबईला. त्याचं लग्न मीच शूट केलं होतं.

नामदेवरावांनी मोबाइल पुढं केला. दिलीपच्याच वसाहतीत राहणाऱ्या, निर्मल गावाकडच्या एका कामगारानं तो व्हिडिओ पाठवला होता. पहाटेचा उजेड, ओरडणारी गर्दी, बांबूवर उचललेली हिरव्या साडीतली एक बाई, सगळ्यात पुढं दिलीप. मग ती बाई पेटते. खाली अरबी आणि इंग्रजी पट्टी. शेजारी रेखाचा फोटो, त्याच हिरव्या साडीतला, दिलीपच्या मोबाइलवर लावलेला असायचा तो. पट्टीत लिहिलं होतं की भारतातल्या एका गावात या माणसानं आपली बायको जिवंत जाळली, आणि आता हा आपल्या देशात मोकळा फिरतोय.

रेखा माझ्या बाकड्यावर बसून स्वतःचं जळणं पाहत होती. पाणी दिलं तर प्याली नाही.

आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मारबत काढतात हे वाचकांना सांगायला नको, पण सगळेच काही आमच्या भागातले नसतील. बांबू, पेंढा, चिंध्या यांची बाई करायची, डोक्याला मडकं, अंगावर गावातल्या कोणाची तरी जुनी साडी. मग 'ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत' असं ओरडत गावाबाहेर न्यायची आणि जाळायची. त्या वर्षी साडी रेखानं दिली होती. दिलीप सुट्टीवर आला होता, म्हणून पुढं चालायचा मान त्याचा. रेखानं गावाच्या कडेच्या आपल्या घराच्या धाब्यावरून मोबाइलवर शूटिंग केलं आणि मधला तुकडा स्टेटसला ठेवला. कोणीतरी तो उचलला, गावकऱ्यांचं ओरडणं काढून एका बाईच्या किंकाळ्या घातल्या. पेंढा बांधतानाचं, मडक्यावर डोळे काढतानाचं आधीचं सगळं रेखाच्या मोबाइलमध्ये होतं, पण मेमरी भरली म्हणून तिनं ते महिन्याभरापूर्वीच काढून टाकलं होतं.

तिकडं वसाहतीत गर्दीनं दिलीपला गाठलं होतं. कोणीतरी जेवणाचा डबा त्याच्या डोक्यात घातला. कंपनीच्या माणसांनी त्याला ओढून एका खोलीत कोंडलं, मोबाइल काढून घेतला, आणि गेटवर रोज माणसं जमून तो आमच्या हाती द्या म्हणत होती. एवढं त्या निर्मलवाल्यानं सांगितलं आणि मग त्याचाही फोन लागेना. भीतीनं बंद केला असेल.

मी मंडळात टाकलं. त्याआधी किंवा नंतर मी इतकी माणसं इतक्या झपाट्यानं कामाला लागलेली पाहिली नाहीत. मारिसेल फिलिपिन्सची नर्स, नोकरी दिलीप होता त्याच देशात. तिच्या देशाच्या नर्सा नाहीत असा दवाखाना आखातात नसावा. संध्याकाळच्या आत तिनं दिलीपच्या डोक्याला टाके घालणारी नर्स शोधली. माणूस जिवंत आहे, एवढा निरोप आला. जोसेफनं तो व्हिडिओ पहिल्यांदा इंटरनेटवरच्या कोणत्या पानावर आला ते हुडकलं. त्या किंकाळ्या कोणत्या सिनेमातल्या, ते पोलंडच्या एका म्हाताऱ्या बाईनं काढलं. नादिया इजिप्तची, शेतकी शाळेत शिकवून निवृत्त झालेली, तिच्याकडं अरबीचं काम. तिनं कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला फोन केला, पोळा म्हणजे काय, मारबत म्हणजे काय, सगळं समजावलं. अधिकारी म्हणाला, गोष्ट छान आहे, पण गेटवरच्या माणसांना मी गोष्ट दाखवू शकत नाही.

मग मी रेखाचा व्हिडिओ केला. आधार कार्ड हातात धरून ती म्हणाली, मी रेखा, मी जिवंत आहो. तो त्या पानावाल्यांनाही पाठवला. त्यांनी उलट लिहिलं, ही तिची बहीण असेल. त्यावर हजारो लोकांनी हो हो केलं. माझ्या धंद्यात मी खूप पाहिलं, पण जित्या माणसाला 'तू तो नव्हे' म्हणणारे पहिल्यांदा पाहिले. राग इतका आला की हातातला चहाचा ग्लास मी भिंतीवर मारला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नामदेवरावांचा फोन. आवाजात जीव आला होता. म्हणाले, भाऊ, सापडला, जुना पूर्ण व्हिडिओ सापडला, एका भाच्याच्या मोबाइलमध्ये होता. मी पाहिला. पेंढा बांधताना माणसं दिसत होती, मडक्यावर काजळाचे डोळे काढताना दिसत होती, हिरवी साडी नेसवताना दिसत होती, मग मिरवणूक, मागून घेतलेली, नुसत्या पाठी, आणि जाळ. सगळं होतं. मी देवाचे आभार मानले आणि तो जसाच्या तसा मंडळात टाकला. माझे डोळे साडीवर, बांबूवर, मडक्यावर.

पुढच्या दिवशी दुपारी नादियाचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. तिनं एकच विचारलं. तुमचा पोळा कोणत्या महिन्यात असतो? मी म्हटलं, पावसाळ्यात. ती म्हणाली, "वसंत, मी कापसाच्या देशातली आहे. मिरवणुकीमागच्या शेतातली बोंडं फुटलेली आहेत."

घास तसाच राहिला. मी व्हिडिओ परत लावला. मारबतीच्या मागं वावरभर पांढरा कापूस. पोळ्याला आमची पऱ्हाटी हिरवीगार असते, पाती-फुलं धरलेली. एक बोंड फुटलेलं दिसणार नाही. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण रोज ज्याच्यातून येणं-जाणं त्याच्याकडं कोण पाहतं?

मोटारसायकल काढली आणि तडक गावात गेलो. नामदेवराव ओट्यावर बसले होते, चेहऱ्यावर समाधान. मी विचारलं, हे कधी शूट केलं? त्यांनी लपवलंसुद्धा नाही. म्हणाले, काल सकाळी. सगळं गाव जमलं, साडी रेखाच्या जावेची घेतली, तशीच हिरवी. मी ओरडलो की हे खोटं आहे, तुम्ही पोराचा जीव घ्याल. म्हातारा माझ्याकडं खरोखर न समजून पाहत राहिला.

"भाऊ, खोटं कुठी हाये याच्यात? जे झालं तेच परत केलं. दिलीपच्या लगनात हार तुमच्या कॅमेऱ्यात सुटला, तं तुमीच दोघाले परत हार घालाले लावला. मंग ते लगन खोटं झालं का?"

 ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाच्या लग्नात मी कधी ना कधी 'घाला परत' म्हटलं होतं. त्यांनी सगळ्यांनी माना डोलावल्या. खऱ्या गोष्टीचा व्हिडिओ हरवला तर ती पुन्हा करून घ्यायची, एवढी साधी रीत त्यांना ठाऊक होती. 

वर तो व्हिडिओ त्यांनी मला पाठवण्याआधीच गावोगावच्या ग्रुपवर टाकून मोकळे झाले होते.

त्या संध्याकाळी मंडळात माझं जोसेफशी भांडण झालं, आजवरचं पहिलं. जोसेफ म्हणाला, आपणच आधी जाहीर करायचं की हा दुसरा व्हिडिओ नंतर केलेला आहे. मी हात जोडले. म्हटलं, बाबा, नको. पानावाल्यांच्या हातात कोलीत देऊ नको, ते म्हणतील पाहा, पुरावा बनवतात, म्हणजे खरंच जाळली. तिकडं एक माणूस खोलीत कोंडलेला आहे, गेट किती दिवस टिकेल? दोन दिवस थांब. जोसेफचा आवाज एरवी मऊ असतो. तो म्हणाला, "दुसऱ्याचं खोटं आपण तासाभरात सांगतो. आपलं दोन दिवसांनी सांगायचं असेल तर आपण हे काम कशाला करतो?" मी रागानं फोन ठेवला. त्यानं तासाभरात जाहीर केलं.

आणि मी म्हटलं होतं तसंच झालं. पानावाल्यांनी आमचंच लिखाण वाजवून वाजवून दाखवलं. गेटवर माणसं वाढली. मारिसेलनं कळवलं की कोणीतरी त्या खोलीच्या खिडकीवर दगड मारला, काच फुटली, दिलीपला आता साहित्याच्या गोदामात हलवलंय. मी जोसेफला तोंडाला येईल ते लिहिलं. ते काय लिहिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आदिलाबादला कलेक्टर कचेरीत जाऊन दिलीपला सोडवा म्हणून दरखास्तही दिली. तिथं तेलुगूत लिहून मागितली, लिहून दिली, शिक्का घेतला. कागद जाईल तेव्हा जाईल. रेखा रोज स्टुडिओत येऊन बसायची. बेल्याच्या बाजारात बाया तिला पाहून कुजबुजायच्या, आणि एकीनं तर तिच्या हाताला हात लावून पाहिला.

मग नादियाचा निरोप आला. सुरक्षा अधिकाऱ्यानं स्वतःहून तिला फोन केला होता. म्हणाला, मला दोन्ही बाजूंचे व्हिडिओ नकोत. पण तुम्ही लोकांनी स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट स्वतः सांगितली, म्हणून तुमचं एक ऐकतो. त्या बाईला थेट फोनवर आणा. तिच्याजवळ कोणी नको, फक्त दुभाष्या. मी नवऱ्याला आधी एकटं विचारीन, मग तिला तेच विचारीन. उत्तरं जुळली तर गेटवरच्या म्होरक्यांना आत बोलावून तेच ऐकवीन. नाही जुळली तर पोलिसांच्या ताब्यात देईन, पुढं माझ्या हातात काही नाही.

गावात रेंज येते फक्त पाण्याच्या टाकीजवळ. दुपारची वेळ, ऊन चांगलं. मी रेखाला टाकीच्या ओट्यावर बसवलं, मोबाइल विटांवर उभा केला. गाव सगळं लांब लिंबाखाली उभं. मी सांगितलं होतं, कोणी खोकलाही नाही पाहिजे. अधिकारी अरबीत विचारणार, नादिया मला इंग्रजीत सांगणार, मी रेखाला, आणि त्याच वाटेनं उत्तर परत. तिकडं मारिसेल अधिकाऱ्याच्या खोलीत मोबाइल धरून उभी, आणि बाजूला गेटवरचे दोन म्होरके, हाताची घडी घालून. दिलीप शेजारच्या खोलीत, दार लावलेलं.

पहिले प्रश्न सोपे होते. घराचं दार कोणत्या दिशेला, सासूला कोणता आजार होता, लग्नात पाऊस आला होता का. रेखानं सांगितलं, सगळं जुळलं. एका म्होरक्यानं मान हलवली. त्याचं म्हणणं, हे शेजारणीलाही माहीत असतं, बहिणीलाही. अधिकाऱ्यानं एक कागद पुढं ओढला. 

मग त्यानं विचारलं, नवरा शेवटच्या वेळी निघाला तेव्हा तुम्ही दोघंच असताना काय बोलणं झालं?

मी विचारलं. रेखानं लिंबाखाली उभ्या गावाकडं पाहिलं, मग मोबाइलकडं. म्हणाली, "म्हणाले, पुढच्या पोळ्याले कायमचा येतो. नव्या करारावर सही नाई केली, करणारबी नाई. माह्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले."

मी सांगितलं, नादियानं सांगितलं. तिकडं अधिकारी एकदम ताठ बसलेला दिसला. त्यानं समोरचा कागद त्या दोघांपुढं सरकवला आणि भराभर काही बोलला. म्होरक्यांनी एकमेकांकडं पाहिलं. हाताची घडी सुटली. नादिया इंग्रजीत बोलायला लागली, आणि मधेच थांबली. मग म्हणाली, वसंत, जुळलं. तो सुटला. पण का जुळलं ते ऐक, आणि तिला सांगायचं का ते तू ठरव.

दिलीपनं आत तेच बोलणं सांगितलं होतं, पण त्यापुढंही काही. तो म्हणाला होता, मी बायकोला म्हटलं की सही केली नाही, कायमचा येतो, डोक्यावर हात ठेवून म्हटलं. पण सही मी सुट्टीवर यायच्या आधीच करून बसलो होतो. आणखी दोन वर्षांची. सांगायचा धीर झाला नाही. कंपनीच्या दप्तरात ती सही होतीच. अधिकारी म्हणे, त्यानं शिकवून आणलेली बाई असती तर तिनं सहीचं खरं सांगितलं असतं. नवरा जे खोटं बोलला तेच खरं मानून सांगणारी फक्त त्याची बायकोच असू शकते.

रेखा माझ्याकडं पाहत होती. सुटले का, तिनं विचारलं. मी म्हटलं, हो, सुटला. लिंबाखालून एक बाई मोठ्यानं रडायला लागली, नामदेवराव मातीत बसले. रेखा हलली नाही. म्हणाली, मंग त्या बाई मधात थांबल्या काऊन? मी म्हटलं, काही नाही, जाऊ दे.

"भाऊ, पूर्ण सांगा."

मी सांगितलं. सही, दोन वर्षं, सगळं.  तिनं पदर नीट केला. तिकडं अधिकाऱ्यानं विचारलं होतं की नवऱ्याला आत आणतोय, काही बोलायचं आहे का. दिलीप दारात आला, डोक्याला पट्टी, दाढी वाढलेली, म्हातारा दिसत होता. रेखानं मोबाइल उचलून हातात घेतला.

"मी जित्ती आहो," ती म्हणाली. "आता तुमीबी जित्ते घरी या. बाकीचं तुमच्या तोंडावर बोलीन."

सवयीनं मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं, नादियाही तयार होती. गरज पडली नाही. दिलीप भिंतीला धरून खाली बसला होता, आणि मारिसेलनं मोबाइल दुसरीकडं फिरवला.

जोसेफला मी त्याच संध्याकाळी फोन केला. माफी मागितली की नाही ते तो सांगेल. मी हवापाण्याच्या गप्पा मारल्या असं मला आठवतं. तो व्हिडिओ अजून फिरतो. मध्यंतरी रेखाच्याच मोबाइलवर कोणीतरी पाठवला, खाली लिहिलेलं, या अभागी बहिणीला न्याय द्या. त्या पानानं चूक मान्य केली नाही आणि करणार नाही. जिथं जिथं तो गेला तिथं तिथं आम्ही मागं जातो, एवढंच हातात आहे, आणि ते पुरेसं नाही हे मला कळतं.

कंपनीनं करार मोडायला हरकत घेतली नाही. संक्रांतीच्या आधी दिलीप आला. मीच त्याला आदिलाबादहून जीपनं आणलं.  गावानं हार आणले होते, ढोल आणला होता. रेखानं दारातच भाकर-तुकडा ओवाळून टाकला, त्याला आत घेतलं, आणि सगळ्या गावादेखत दार लावून घेतलं. ढोलवाला थांबला. नामदेवराव मला म्हणाले, भाऊ, बसा. आम्ही ओट्यावर बसलो. दार संध्याकाळपर्यंत उघडलं नाही. ती काय बोलली ते मला माहीत नाही.